जाळीतला रंग

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर तीन-चार कारागीर बसतात. त्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाला सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एका सकाळी त्यांच्याकडे मी सोन्याच्या वर्खाची पुडी आणि सूक्ष्मदर्शकाला लागतात तसल्या दोन काचपट्ट्या घेऊन गेलो. वर्ख बोटाने उचलायला गेलं तर तो बोटालाच चिकटतो आणि नाहीसा होतो. अण्णांनी तो कागदासकट पट्टीवर पालथा घातला, हलकी फुंकर मारली, कागद अलगद ओढून घेतला आणि वर दुसरी पट्टी ठेवली. दोन काचांमध्ये पिवळंधमक सोनं. ती जोडी खिडकीसमोर धरून मी त्यांना म्हटलं, आता यातून बाहेर बघा.

अण्णांनी ती डोळ्याजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ नेली.

"ह्ये हिरवं कसं काय दिसाय लागलंय?"

आणि श्वास न घेता पुढचा प्रश्न : "कशाची भेसळ हाय ह्यात?"

शंका सोनाराला शोभेशीच होती. सोनारकामात रंग म्हणजे मिश्रण. तांबं वाढलं की सोनं लालसर होतं, चांदी वाढली की फिकट होतं आणि त्यावर जराशी हिरवट झाक येते. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ नुसती बघून कस सांगणाऱ्या माणसांची सगळी भिस्त एकाच गृहीतावर असते : रंग बदलला म्हणजे आत काहीतरी बदललं. या प्रकरणात मला त्याच गृहीताला हात घालायचा आहे. धातू तोच, कस तोच, तरी रंग निराळा. आणि तोही आधी ठरवून, हवा तसा.

आधी वर्खाचं हिरवं उलगडू. सोन्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातले निळे-जांभळे किरण धातूतल्या इलेक्ट्रॉनांना खालच्या पातळीवरून वर ढकलण्यात खर्ची पडतात. लाल-पिवळे किरण पृष्ठभागावरूनच माघारी फिरतात आणि ते डोळ्यांत येतात म्हणून सोनं पिवळं. मधल्या हिरव्याची गत लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यासारखी. तो धड परत जात नाही, धड आत सामावत नाही, आणि भिंत पुरेशी पातळ असली तर थोडाफार पलीकडे निघून जातो. चांदीत ही जिरण्याची हद्द अतिनील भागात आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा जवळपास सगळा प्रकाश ती परत पाठवते आणि पांढरी दिसते. सोन्यात ती हद्द एवढी खाली का उतरली याचं उत्तर आइनस्टाइनच्या सापेक्षतेत सापडतं, पण तिकडे वळलो तर गुजरीत परत यायला दोन प्रकरणं लागतील.

पुरेशी पातळ म्हणजे किती? इथे नॅनोमीटरशिवाय भागत नाही. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक नॅनोमीटर. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्याकडे 400 तर लालाकडे 700 नॅनोमीटर. सोन्यात शिरलेला प्रकाश काही दहा नॅनोमीटरांतच विरून जातो. म्हणून अंगठीतून काही दिसत नाही आणि उत्तम ठोकलेल्या वर्खातून दिसतं.

हा खेळ पहिल्यांदा मन लावून खेळला तो मायकेल फॅरडे. विजेच्या जनित्रामुळे जगाला माहीत झालेला हा माणूस पासष्टीच्या घरात असताना सोन्याच्या वर्खामागे लागला. 1857 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने सोनं आणि प्रकाश यांच्या नात्यावर जे व्याख्यान दिलं, त्यात त्याच्याजवळच्या वर्खाची जाडी त्याने इंचाचा 2,82,000 वा भाग अशी दिली आहे. आपल्या हिशेबाने 90 नॅनोमीटर, म्हणजे एकावर एक रचलेले सोन्याच्या अणूंचे सुमारे चारशे थर. याहून पातळ हवा म्हणून त्याने वर्ख पोटॅशियम सायनाइडच्या सौम्य द्रावणावर तरंगत ठेवला. द्रावण खालून सोनं खात जातं. मुलाम्याचं काम करणाऱ्यांना सायनाइडची ही खोड चांगली ठाऊक असते.

पण त्या व्याख्यानातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग दुसराच आहे. फॅरडेने काचेवर बसवलेला वर्ख तापवला, वितळण्याच्या कितीतरी आधी थांबला. वर्खाचं हिरवं गेलं. काच जवळपास स्वच्छ, पारदर्शक दिसू लागली, जणू सोनं उडून गेलं. सोनं तर जागेवरच होतं. मग त्याने अकीकाचा गोल खडा घेतला आणि त्या काचेवर दाबून फिरवला. जिथे जिथे खडा फिरला तिथे तिथे हिरवा रंग परत आला.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खणातून घोटणी काढून माझ्यापुढे ठेवली. मुठीच्या टोकाला बसवलेला, वापरून वापरून आरशासारखा झालेला अकीक. मुलामा चढवला की याने घोटायचा, म्हणजे झळाळी येते. फॅरडेने जे केलं ते या हत्याराने केलं असतं तरी चाललं असतं.

झालं होतं ते असं. उष्णतेने वर्खाचा सलग पत्रा फाटून त्याची बेटं झाली. गरम तव्यावर तेलाचा पातळ थर जसा आपोआप गोळा होऊन थेंबांत मोडतो तसं. बेटांमधल्या उघड्या काचेतून पांढरा प्रकाश सरळ निघून जाऊ लागला. अकीकाने ती बेटं चेपून पुन्हा पसरवली आणि पत्रा जोडला गेला. या सगळ्यात सोन्याचा एक कणही वाढला नव्हता की घटला नव्हता, बदलली होती फक्त मांडणी. त्याच व्याख्यानात फॅरडेने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगवून माणकासारखा लाल द्रवही दाखवला होता. (या विषयावरच्या प्रत्येक इंग्रजी पुस्तकात एक रोमन पेला येतो, ब्रिटिश म्युझियममधला, बाहेरून उजेड पडला की हिरवा आणि आत दिवा लावला की लाल. त्याचंही कारण काचेतले सोन्या-चांदीचे असेच कण. त्याचा मान राखून आपण पुढे जाऊ.)

आता रंग गाळण्याकडे वळू. कोल्हापूरकराला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. 1915 साली शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, तिथल्या विंगेत बसून ज्यांनी नाटकं पाहिली त्यांना जिलेटिनचे कागद आठवत असतील. दिव्यापुढे लाल कागद लावला की राक्षस आला, निळा लावला की रात्र झाली. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही तेच कागद दुकानातून आणायचो आणि दुसऱ्या अंकापर्यंत दिव्याच्या धगीने ते सुरकुतून, मधे फिके पडून, कडेला जळकट झालेले असायचे. कागदातलं रंगद्रव्य नको ते किरण गिळतं आणि हवे ते सोडतं. गिळलेल्या किरणांची उष्णता होते, आणि तीच शेवटी रंगद्रव्याला मारते.

रंगीत छायाचित्रणाची सगळी इमारत या गाळणीवर उभी आहे. 1861 साली मॅक्सवेलने रंगीत फितीचे तीन फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून काढवून घेतले आणि तेच तीन रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकमेकांवर पाडून रंगीत चित्र उभं केलं. त्याच्या गाळण्या म्हणजे काचेच्या भांड्यांत भरलेली क्षारांची द्रावणं होती. आपल्याकडेही याची एक हळहळ आहे. 1929 साली कोल्हापुरात सुरू झालेल्या 'प्रभात' फिल्म कंपनीने 1933 मध्ये, पुण्याला मुक्काम हलवण्याआधी, 'सैरंध्री' रंगीत काढायचा घाट घातला. याच नावाचा मूकपट बाबुराव पेंटरांनी 1920 साली कोल्हापुरातूनच दिला होता. दिग्दर्शक शांतारामबापूंनी रंगीत 'सैरंध्री'च्या प्रती जर्मनीत छापून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि तो डाव अंगाशी आला. रंग अचूक वेगळे करणं आणि अचूक परत जोडणं किती कठीण आहे याची ती महागडी शिकवणी होती.

आज खिशातल्या मोबाइलमध्ये हे काम होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. कॅमेऱ्याच्या चिपवर लाखो बारीक चौकटी असतात आणि त्यांतली एकही रंग ओळखत नाही. तिला उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक चौकटीवर रंगीत टोपी घालतात. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी 1976 साली पेटंट मिळवलेल्या मांडणीत निम्म्या टोप्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. माणसाच्या डोळ्याला हिरव्याचं बारकाईने कळतं म्हणून हिरव्याला झुकतं माप. या टोप्या रंगद्रव्याच्याच असतात. आता अडचण अशी की चौकटी लहान होत होत एका मायक्रोमीटरच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या, खाली गेल्या आहेत, आणि रंगद्रव्याला नीट गाळायचं तर जवळपास तेवढीच जाडी लागते. टोपी डोक्याएवढीच उंच. तिरका आलेला किरण शेजारच्या टोपीतून शिरून भलत्याच चौकटीत पडतो. जिलेटिनचं जुनं दुखणंही आहेच : ऊन आणि उष्णता यांनी रंगद्रव्य उतरतं.

मग रंगद्रव्य काढून टाकता येईल का? शंभर-दोनशे नॅनोमीटर जाडीच्या, न विटणाऱ्या धातूच्या पत्र्यालाच रंग गाळायला लावता येईल का? वर्खाने तेवढं धैर्य दिलं, पण वर्खाचा हिरवा म्हणजे सोन्याचा स्वभाव. त्याला लाल हो म्हणून सांगता येत नाही.

इथे जाळी येते.

1989 साली थॉमस एबेसन हा मूळचा नॉर्वेचा रसायनशास्त्रज्ञ जपानच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याला अगदी लहान पोकळीत रेणूंचं वागणं कसं बदलतं ते पाहायचं होतं. त्यासाठी त्याने धातूच्या पातळ थरात समान अंतरावर असंख्य बारीक भोकं पाडून मागितली. भोकं प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान होती, त्यामुळे हिशेबाने तो पत्रा आंधळा असायला हवा होता. त्याने तो उजेडासमोर धरला आणि त्यातून पलीकडचं दिसलं.

हा हिशेब कोणाचा ते सांगायला हवं, म्हणजे एबेसनची पंचाईत कळेल. 1944 साली हान्स बेथेने सिद्ध केलं होतं की भोक तरंगलांबीहून लहान असलं की त्यातून जाणारा प्रकाश विलक्षण वेगाने घटतो. भोकाचा व्यास निम्मा केला, तर त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला पलीकडे जाणारा वाटा सोळा पटींनी कमी होतो. बेथे म्हणजे पुढे सूर्य कशावर जळतो हे सांगितल्याबद्दल नोबेल मिळालेला माणूस. त्याचं गणित चुकण्यापेक्षा आपली मोजणी चुकण्याची शक्यता अधिक, असंच कोणीही समजलं असतं. एबेसन आणि त्याचे सहकारी मोजत राहिले. 'नेचर'मध्ये निबंध छापून आला तो 1998 च्या फेब्रुवारीत, पहिल्यांदा आरपार दिसल्यानंतर नवव्या वर्षी.

त्यातली चांदीची एक जाळी 200 नॅनोमीटर जाड होती, भोकांचा व्यास 150 आणि दोन भोकांमधलं अंतर 900 नॅनोमीटर. काही ठरावीक तरंगलांबीला त्यातून जाणारा प्रकाश भोकांच्या क्षेत्रफळाच्या मानाने दुपटीहून जास्त होता. पुरणाची चाळण डोळ्यांपुढे आणा. चाळणीच्या भोकांवर जेवढं पुरण पडलं त्याच्या दुप्पट खालच्या पातेल्यात आलं, तर जादाचं कुठून आलं? भोकांवर न पडता पत्र्यावर पडलेलं पुरण सरकत सरकत भोकांकडे आलं, एवढाच अर्थ निघतो. धातूवर पडलेला प्रकाश खरोखरच तसं करत होता.

तो सरकतो तो लाटेच्या रूपाने. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे एक तळंच समजा. त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभाराच्या दाटी-विरळीची लाट धावू शकते, आणि प्रकाश तिला चिकटून पृष्ठभागालगत वाहू शकतो. हिला पृष्ठ-प्लाझ्मॉन म्हणतात. ती असणार हे रूफस रिची या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1957 मध्येच कागदावर मांडलं होतं. खोच अशी की गुळगुळीत पत्र्यावर नुसता प्रकाश टाकून ही लाट उठत नाही. पृष्ठभागावरची लाट त्याच रंगाच्या मोकळ्या प्रकाशापेक्षा आखूड पावलांची असते, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही. लेझीमच्या पथकात उंच आणि बुटका शेजारी शेजारी आले की पावलं चुकतात, तसं. जाळीतली समान अंतरावरची भोकं इथे ठेका धरतात. ज्या रंगाच्या पृष्ठलाटेची लांबी दोन भोकांमधल्या अंतराएवढी, त्या रंगाला प्रत्येक भोकाशी ताल सापडतो. एका भोकाशी उठलेली लाट दुसऱ्या भोकाशी उठलेल्या लाटेत बरोबर मिसळते, जोर धरते आणि भोकातून पलीकडे उतरून पुन्हा प्रकाश होऊन सुटते. बाकीच्या रंगांचा ठेका चुकतो. त्यांना आरशासारखा धातू परत पाठवतो.

म्हणजे रंग कोणी ठरवला? अंतराने. चांदीच्या एकाच थरात 300 नॅनोमीटर अंतराने भोकं पाडली तर 436 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वांत जास्त गळतो. 450 अंतराला 538 चा हिरवा. 550 ला 627 चा लाल. हे प्रयोगात मोजलेले आकडे आहेत. भोकांचा आकारही त्याबरोबर थोडा बदलतात, पण रंगाची चावी अंतराच्या हातात. एबेसनच्या गटाने चांदीच्या एकाच पत्र्यावर दोन अंतरांच्या खळग्यांची अक्षरं कोरली आणि मागून पांढरा प्रकाश सोडला, तेव्हा एक अक्षर लाल उमटलं आणि दुसरं हिरवं. शाई नाही, मीना नाही, एकाच चांदीची दोन नक्षीकामं. 2014 साली एबेसनला नॅनोविज्ञानाचं काव्ली पारितोषिक मिळालं, स्टेफान हेल आणि जॉन पेंड्री यांच्याबरोबर.

मिशिगन विद्यापीठातल्या एल. जे. गुओ यांच्या गटाने 2010 मध्ये अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये झिंक सेलेनाइड घालून, भोकांऐवजी बारीक समांतर पट्ट्या कापून, असेच फिल्टर केले. अॅल्युमिनियमची निवड मला शहाणपणाची वाटते. चांदी प्रकाशाला सर्वांत मानवते हे खरं, पण तिची खोड हुपरीत कोणालाही विचारा. पैंजणांचे ढीग घालणारं हे हातकणंगले तालुक्यातलं गाव चांदी काळी पडण्याशी रोज झुंजतं. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचं पुट चढतं. पैंजण घासून उजळता येतं. 200 नॅनोमीटर जाडीच्या जाळीला कोण घासणार? अॅल्युमिनियम हवेत येताच स्वतःवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर ओढून घेतं आणि पुढचं नुकसान थांबवतं. शिवाय चिप बनवणाऱ्या कारखान्यांत ते आधीपासून वापरात आहे. सोनं काळं पडत नाही, पण निळं त्याच्याकडून होत नाही. निळे किरण ते आधीच गिळून बसलेलं असतं.

आणि जाळी उलटी वापरली तर? भोकं समान अंतरावर ठेवण्याऐवजी अशा नक्षीत मांडली की जिच्यात अनेक अंतरं एकत्र नांदतात, तरी ती गबाळी होत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अचंता वेणुगोपाल यांच्या गटाने सोन्याच्या थरात अशी अर्धस्फटिकी नक्षी कोरली आणि 2014 मध्ये दाखवून दिलं की ती एका रंगाऐवजी रंगांचा मोठा पट्टाच वाढवून पलीकडे सोडते. अंतर एक तर रंग एक, अंतरं अनेक तर रंग अनेक. एबेसनच्या गोष्टीचा याहून चांगला पडताळा मला तरी माहीत नाही.

ही भोकं पाडतात कशी हा प्रश्न अण्णांनी दोनदा विचारला, आणि तो योग्यच होता. आधी निर्वात पेटीत, वातावरणाच्या दाबाच्या अब्जांशाच्या आसपास हवा उरली असताना, धातू तापवून त्याची वाफ काचेवर बसवतात. मग गॅलियमच्या आयनांचा अणकुचीदार झोत एकेक भोक कोरत जातो, किंवा इलेक्ट्रॉनांच्या झोताने आधी साच्याचा थर रेखाटून नंतर धातू कापतात. दोन्ही कामं अचूक, हळू आणि भयंकर खर्चिक. मोहरीच्या दाण्याएवढी जागा भरायला यंत्र किती वेळ अडकून राहील याचा विचार केला की, मोबाइलच्या कॅमेऱ्यात अजून रंगद्रव्याच्याच टोप्या का आहेत ते लक्षात येतं.

पण गरिबाघरचा एक मार्ग आहे आणि माझा जीव त्याच्यावर आहे. पॉलिस्टायरीनचे एकसारखे, काहीशे नॅनोमीटर व्यासाचे गोळे पाण्यात कालवून काचेवर पसरतात. पाणी सुकताना गोळे आपोआप एकमेकांना खेटून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बसतात. परातीत लाडू दाटीने लावावेत तसे. ऑक्सिजनच्या प्लाझ्माने ते थोडे बारीक करतात, म्हणजे जागच्या जागी राहून त्यांच्यात फट पडते. वरून धातूची वाफ. शेवटी गोळे धुऊन टाकले की जिथे गोळा होता तिथे भोक, आणि बाकी जाळी. अंतर ठरतं गोळ्याच्या व्यासावर. मोठं यंत्र लागत नाही. लागतो तो हात आणि सबुरी.

हे वाचताना शिवाजी विद्यापीठाची माणसं आठवल्याशिवाय राहत नाहीत. 18 नोव्हेंबर 1962 ला राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने पुढच्या दशकांत 'थिन फिल्म' हा शब्द कोल्हापूर-सांगलीकडच्या एम.एस्सी.च्या पोरांच्या तोंडी बसवला. तिथले थर बहुतेक धातूंचे नव्हेत, धातूंच्या ऑक्साइडचे आणि सल्फाइडचे. आणि ते घडतात बीकरमध्ये. कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया असं द्रावण, त्यात तिरक्या उभ्या केलेल्या काचपट्ट्या, खाली मंद उष्णता. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास. आधी स्वच्छ असलेलं द्रावण हळूहळू पिवळं पडतं आणि काच काढून धुतली की तिच्यावर पिवळा पारदर्शक थर बसलेला. तो निळा प्रकाश गिळतो म्हणून पिवळा. म्हणजे गाळणीच, पण जुन्या जातीची, पदार्थाच्या स्वभावावर चालणारी. काच एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची, अशा आलटून-पालटून बुडवण्याच्या 'सिलार' पद्धतीवर पठाण आणि प्रा. सी. डी. लोखंडे यांनी 2004 साली लिहिलेला आढावा जगभरच्या शोधनिबंधांत सापडतो. प्रा. पी. एस. पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर बसवण्याच्या पद्धतीवर असंच मूलभूत लिखाण केलं, आणि टंगस्टन ऑक्साइडसारख्या थरांवर काम केलं, जे थोड्याशा व्होल्टेजने निळे होतात आणि उलट दिलं की पुन्हा स्वच्छ. बटण दाबून लावायची-काढायची गाळणी! बीकर, फवारा आणि चिकाटी यांवर वाढलेल्या या परंपरेला पॉलिस्टायरीनच्या गोळ्यांची जाळी परकी वाटू नये असं मला वाटतं. हे माझं मत, विद्यापीठाची योजना नव्हे.

जाळीच्या गाळणीत दोषही आहेत. चांगल्या जाळीतूनही हव्या त्या रंगाचा निम्माच प्रकाश, कधी त्याहूनही कमी, पलीकडे जातो. रंगद्रव्य याबाबतीत उदार असतं. दुसरा दोष कोनाचा. काच जरा तिरकी केली की किरणाच्या दृष्टीने भोकांमधलं अंतर बदलतं, ठेका बदलतो आणि रंग सरकतो.

कोनावरून उजेड निवडण्याची गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. अंबाबाईच्या देवळाचं तोंड पश्चिमेला आहे. वर्षातून दोनदा, 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी आणि 9, 10, 11 नोव्हेंबर या संध्याकाळी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मधोमध, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. एरवी तोच सूर्य, तेच दार, आणि गाभाऱ्यात अंधार. मधल्या इमारती आणि क्षितिजावरचं धुकट यांच्यामुळे कित्येकदा किरण वाटेतच अडतात आणि किरणोत्सवाला जमलेली माणसं हिरमुसून परततात. देवळात जे गुण मानलं जातं तेच कॅमेऱ्यात अवगुण ठरतं, कारण कॅमेऱ्याला चारी बाजूंनी उजेड हवा असतो.

एका ठिकाणी मात्र हा हळवेपणा कामाला येतो. जाळीचा ठेका अंतरावर जसा अवलंबून आहे तसाच धातूला लागून काय आहे त्यावरही. कोरड्या जाळीवर पाण्याचा थेंब ठेवला की गळणारा रंग लालाकडे सरकतो. पाण्याऐवजी रक्तातलं एखादं प्रथिन येऊन चिकटलं तरी तो सरकतो, किंचितच, पण मोजता येईल इतका. मोठ्या यंत्राविना, रंगावरून काय चिकटलं ते ओळखणाऱ्या तपासण्यांवर अनेक प्रयोगशाळा काम करत आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यापेक्षा ही वाट लवकर फळेल अशी माझी पैज आहे.

हे सगळं दोन-तीन बैठकांत अण्णांना सांगून झालं. जाळीकाम त्यांच्या हाताखालचंच. त्यांच्या जवळच्या नथीच्या डबीच्या झाकणावर त्यांनीच पाडलेली जाळी आहे, वेलबुट्टीची. ते झाकण त्यांनी उजेडासमोर धरलं. भोकांमधून गुजरीतला साधा पांढरा उजेड आला.

"म्हंजे चांदीत जाळी पाडली तर निळं बी दिसंल म्हणा की."

"दिसेल. भोकांत अंतर तीनशे नॅनोमीटर ठेवायचं."

त्यांनी जाळीकामाची सर्वांत बारीक करवत काढली आणि तिचं पातं अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलं. "आन ह्ये?"

पातं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं असेल. मी मनात भागाकार केला. "दोन लाख."

अण्णांनी पातं खणात ठेवलं, खण लावून घेतला आणि वर्खाची काचपट्टी पुन्हा एकदा खिडकीकडे धरली.